अरुंद टायरांची गाडी

मी एक जुनी, दोनच माणसांना बसता येईल अशी छोटी स्पोर्ट्स कार आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की आवाज मऊ करतात आणि जमलेच तर डोळेही पुसतात. माझ्याकडून तशी अपेक्षा ठेवू नका. मी रागावलेली आहे. माझ्या डाव्या दाराला पोचा आला आहे, एक दिवा दुसऱ्यापेक्षा फिका आहे, आणि हे ज्यांच्यामुळे झाले ते गृहस्थ अजूनही माझ्या बॉनेटवर कोपर टेकून चारचौघांना गाड्यांविषयी शिकवत असतात. तेव्हा मी जे सांगेन ते रागाने सांगेन. खोटे मात्र सांगणार नाही.

ज्या कारखान्यात मी तयार झाले तिथला मुख्य इंजिनिअर वजनाच्या बाबतीत फार चिक्कू होता. कोणीही नवा भाग घेऊन आला की तो विचारायचा, "हा नसला तर काय अडेल?" समोरचा गोंधळला की तो भाग परत जायचा. त्यामुळे माझा पत्रा पातळ आहे, काचा हाताने फिरवून वर घ्याव्या लागतात आणि मागची सीट नाहीच. इंजिन लहान आहे. त्याची ताकद मागच्या चाकांना मिळते. टायर तर इतके अरुंद, की शेजारच्या रांगेतल्या मोठ्या गाड्यांना माझी कीव येत असे.

पण यात एक हिशेब होता, आणि तो समजल्याशिवाय माझा राग तुम्हाला समजणार नाही. गाडी कितीही मोठी असो, ती रस्त्याला चारच ठिकाणी टेकते, आणि ते प्रत्येक ठिकाण साधारण तुमच्या तळहाताएवढे असते. वळणे, थांबणे, पळणे, सगळे त्या चार तळव्यांवर चालते. ब्रेक दाबला की गाडीचे वजन पुढे झुकते. पुढचे तळवे रस्त्यावर घट्ट दाबले जातात, मागचे हलके होतात. वळताना वजन बाहेरच्या बाजूला जाते. ज्या तळव्यावरचे वजन कमी झाले, तो सुटायला बघतो. चांगला चालक म्हणजे वेगात जाणारा नव्हे. कोणता तळवा सुटणार आहे हे सुटण्याआधी ज्याला कळते, तो चांगला चालक.

आणि ते कळते कसे? गाडीने सांगितले तर कळते. मी सांगत असे. माझे अंग वळणावर झुकायचे, स्टीअरिंग हातात किंचित थरथरायचे, सीटखालून मागची बाजू अलगद सरकू लागायची. हे सगळे सायकलच्या वेगात व्हायचे, त्यामुळे ऐकणाऱ्याला ऐकायला आणि सावरायला वेळ मिळायचा. कारखान्यातून बाहेर पडताना मला चालवून बघणारा माणूस उतरून म्हणाला होता, "ही फार बडबडी आहे." तेवढे कौतुक मला पुष्कळ होते.

माझ्या कामाची बरीच वर्षे एका मास्तरीणबाईंकडे गेली. त्या तरुणपणी घाटातल्या शर्यतींत गाड्या चालवत, आणि नंतर त्यांनी लोकांना गाडी शिकवायला सुरुवात केली. एका कडेला पाण्याची टाकी असलेले एक सिमेंटचे मैदान त्यांच्याकडे होते. घोटून घोटून काचेसारखे गुळगुळीत केलेले. त्यावर साबणाचे पाणी ओतायचे आणि शिकणाऱ्याला माझ्यात बसवायचे, ही त्यांची शाळा. स्पीडोमीटरवर त्या रुमाल टाकत. वेग बघायचा नाही. आणि एक नियम होता. जे जाणवेल ते मोठ्याने बोलायचे. "पुढचं सुटतंय," किंवा "मागचं सुटतंय." बोलण्याआधी गाडी घसरली, तर उतरायचे, टाकीवरून बादली भरून आणायची आणि मैदानावर ओतायची. बाई खुर्चीवर बसून ऐकत.

एकदा चकचकीत बूट घातलेला एक तरुण आला. मला बघून त्याने नाक मुरडले.

"बाई, हिला ताकद किती आहे?"

"तुमच्या अकलेला पुरून उरेल एवढी आहे. बसा."

तो बसला, पहिल्याच वळणावर माझी शेपूट फिरली आणि आम्ही दोघे आलो त्या दिशेला तोंड करून उभे राहिलो.

"गाडी घसरली," तो म्हणाला.

"नाचता येईना, अंगण वाकडं. गाडीने दोनदा सांगितलं तुम्हाला. मला इथे खुर्चीत कळलं. उचला बादली."

संध्याकाळपर्यंत त्याचे बूट भिजून गेले होते, पण जाताना तो वळणाआधी बोलू लागला होता. असे किती तरी जण आले. ते माझ्याकडून शिकले, हे मी अभिमानाने सांगते. त्यातले बरेचसे नंतर मोठ्या गाड्या घेऊन मोकळे झाले आणि मला विसरले, हेही सांगते. चालायचेच.

मग बाईंचा गुडघा गेला. क्लच दाबवेना, त्यामुळे आधी स्वतः फेरी मारून दाखवणे जमेना. मैदान राहिले, पण शिकवणे थांबले आणि मला विकायचे ठरले. इथे माझ्या कहाणीत हॉर्सपॉवर मामा येतात.

हे नाव त्यांना गल्लीने दिले होते. त्यांचे गाड्यांच्या सजावटीचे दुकान. सीटकव्हर, भोंगे, रंगीत दिवे, रुंद टायर, सगळे तिथे मिळायचे. कोणत्याही गाडीची ताकद त्यांना तोंडपाठ असे. कोणाच्या घरी पाळणा हलला तरी हे आधी बाळाचे वजन विचारतील आणि मग म्हणतील, "पिकअप बरा दिसतोय." माणूस वाईट नव्हता. हेच जास्त चिडवणारे आहे. वाईट माणसावर रागावणे सोपे असते.

मामांची भाची रुग्णवाहिकेत मदतनीस होती. ती मागच्या भागात, रुग्णाशेजारी बसायची. पुढे बसलेला चालक वळणे कशी घेतो याचा हिशेब स्ट्रेचरवरच्या माणसाच्या कण्हण्यातून तिला लागायचा. म्हणून तिला पुढे बसायचे होते. तिने चालकाची परीक्षा दिली आणि ओल्या रस्त्याच्या भागात ती नापास झाली. रुग्णवाहिकेची शेपूट जरा सरकली, तिने घाबरून कचकन ब्रेक दाबला, आणि शेपूट पूर्णच फिरली. परीक्षा आणखी एकदाच देता येणार होती. तीही हुकली तर आयुष्यभर मागे बसायचे.

"शिकायचं तर स्पोर्ट्स कारवर शिक," मामा म्हणाले. हे त्यांचे म्हणणे बरोबर होते. त्यांच्या आयुष्यात तेवढे एकच बरोबर निघाले, असे मी रागाच्या भरात म्हणते. ते दोघे मला बघायला आले. भाचीने दार उघडले, आत बसली, स्टीअरिंग नुसते डावी-उजवीकडे हलवून पाहिले आणि म्हणाली, "मामा, हिच्यात बसल्यावर चाकं कुठे आहेत ते कळतं." मला ती तिथेच आवडली.

"द्यायला हरकत नाही," बाई म्हणाल्या. "पण एक अट आहे. हिचे टायर अरुंद आहेत, ते तसेच राहू द्या."

"अहो बाई, गाड्यांमध्येच केस पांढरे झालेत माझे."

"केस कशानेही पांढरे होतात. शब्द द्या."

"दिला," मामा म्हणाले.

मित्रांनो, तो शब्द बाईंच्या फाटकापासून मामांच्या दुकानापर्यंतसुद्धा टिकला नाही. भाची कामावर होती. मामांनी मला जॅकवर चढवले आणि माझी अरुंद चाके काढून दुकानातले सगळ्यात रुंद, सगळ्यात चिकट रबराचे टायर चढवले. माझ्या मऊ स्प्रिंगा काढून कडक बसवल्या, म्हणजे वळणावर मी झुकणार नाही. स्टीअरिंगवर उशीसारखे जाड कव्हर शिवले. ते सगळे विकायला ठेवलेल्या मालातले उत्तमोत्तम होते, आणि त्यांनी ते भाचीवरच्या मायेने दिले होते. हे रुंद टायर कानामागून आले आणि तिखट झाले. येणारा-जाणारा त्यांच्याकडे बघून मान डोलवायचा. "आता वाटतेय स्पोर्ट्स कार," मामा हात पुसत म्हणाले.

काय झाले ते नीट समजून घ्या. रुंद चिकट टायर जास्त वेगापर्यंत धरून ठेवतात. पण सोडतात तेव्हा हळूहळू सोडत नाहीत, एकदम सोडतात. कडक स्प्रिंगांमुळे माझे झुकणे थांबले. जाड कव्हराखाली माझी थरथर मेली. मला वाटेल ते करा, मला उन्हात उभी करा, माझ्यावर पाखरांना बसू द्या. पण मला एकच गोष्ट नीट येत होती, ती म्हणजे बोलणे, आणि यांनी माझ्या तोंडात बोळा कोंबला.

भाची गोदामांमागच्या मोकळ्या रस्त्यावर सराव करू लागली. शेजारी मामा.

"बघ कशी चिकटून जाते. जणू रुळांवर चाललीय."

"मामा, पण मला काही कळतच नाहीये. हळू घेतलं काय, जोरात घेतलं काय, सगळं सारखंच वाटतंय."

"तेच तर. म्हणजे तू तयार झालीस."

मी आतून ओरडत होते, की पोरी, तुझी शंका खरी आहे, तीच धरून ठेव. पण ओरडायला माझ्याकडे काय उरले होते? ती रोज थोडी जोरात जाऊ लागली. आपल्याला येते आहे असे तिला वाटू लागले. चूक केली तरी शिक्षा होत नव्हती आणि इशाराही मिळत नव्हता. अशा वेळी कोणीही शहाणा बिघडेल.

गोदामांच्या शेवटच्या वळणावर जमिनीखालचा एक नळ फुटला होता आणि रस्त्यावर पाण्याचा पातळ थर पसरला होता. आता इथे थोडे विज्ञान. टायरला रस्त्यापर्यंत पोहोचायचे असेल, तर मधले पाणी दाबून बाजूला सारावे लागते. माझे वजन कमी. तेच वजन रुंद टायरवर पसरले की प्रत्येक बोटाएवढ्या जागेवरचा दाब आणखी कमी होतो. पाणी सरत नाही. टायर त्यावर चढतो आणि तरंगतो. अरुंद टायरांनी मी ते पाणी कापून गेले असते, आणि नसते जमले तर वेळेवर सांगितले तरी असते. त्या दिवशी मी काहीच न सांगता तरंगले. स्टीअरिंग फिरवले तरी मी सरळच जात राहिले, मग पाणी संपताच टायरांनी कोरडा रस्ता एकदम पकडला आणि मला गर्रकन फिरवून कुंपणाच्या भिंतीवर नेऊन घातले.

मामांना खरचटलेही नाही. भाचीचे मनगट मुरगळले. ती उतरली, माझ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "हिने दगा दिला."

"मी म्हणत होतोच," मामा लगेच म्हणाले, "जुनी गाडी ती जुनीच."

ते कधीच तसे म्हणत नव्हते. उचलली जीभ, लावली टाळ्याला. पण मामांचे मला काही वाटले नाही. भाचीचा तो शब्द मात्र मला भिंतीपेक्षा जास्त लागला. दगा देण्यासाठी आधी बोलायची मोकळीक असावी लागते. मुक्या माणसाला खोटारडा म्हणण्यासारखे होते ते.

त्यानंतर मी दुकानामागे ताडपत्रीखाली पडून होते. माझ्या सीटवर भोंग्यांची खोकी रचली गेली. परीक्षा जवळ येत होती. मामांनी दुसरी सोय केली. त्यांच्या एका मित्राची नवी, जड, भरपूर ताकदीची स्पोर्ट्स कार सरावाला मिळणार होती. पण आधी त्यांना बाईंना चार शब्द सुनवायचे होते. म्हणून एके सकाळी त्यांनी मला टोचन लावून त्या मैदानावर ओढत नेले. भाचीही सोबत आली, मनगटाला पट्टा बांधून.

"घ्या तुमचं रत्न," मामा म्हणाले. "पोरीचा हात मोडता मोडता वाचला."

बाई काठी टेकत आल्या. त्यांनी मामांकडे बघितले नाही, दाराकडेही बघितले नाही. थेट खाली वाकून टायरवरून हात फिरवला.

"हे काय घातलंय हिच्या पायात?"

"दुकानातले सगळ्यात भारी आहेत."

"मी शब्द घेतला होता तुमच्याकडून."

"अहो, पकड वाढावी म्हणून घातले. मायेपोटी घातले. नवी गाडी बघा कशी मिळतेय तिला. ती गाडी चुकूच देत नाही. जरा चाक घसरलं की आतला कॉम्प्युटर आपोआप ब्रेक लावतो."

"छान आहे की. तुमच्या बहिणीला बसवा तिच्यात, फिरवून आणा. रोज चालवायला अशीच गाडी हवी." मग त्या भाचीकडे वळल्या. "परीक्षेला कोणती गाडी असते गं?"

"जुनी ॲम्ब्युलन्स."

"तिच्यात आहे हा कॉम्प्युटर?"

"नाही."

मामा खोकले. भाची बाईंजवळ सरकली. मग तिने विचारले, "बाई, सरळ सांगा. चूक माझी होती की गाडीची?"

"तुला काही जाणवलं होतं का आधी?"

"काहीच जाणवत नाही, एवढंच जाणवत होतं. मामांना म्हटलंही होतं मी."

"मग तुझं डोकं ठीक आहे. फक्त तू ते मामांच्या हवाली केलंस. परीक्षा तुझी आहे. कुठल्या गाडीत शिकायचं ते तू ठरव. मी सांगणार नाही, आणि हेही सांगणार नाहीत."

"मी मामा आहे तिचा," मामा म्हणाले.

"म्हणूनच म्हटलं."

भाचीने माझ्या पोचा आलेल्या दाराकडे बघितले. मित्रांनो, तिला माझी भीती वाटत होती. नव्या गाडीत बसली असती तर ती भीती आपोआप गेली असती, आणि परीक्षेच्या दिवशी ओल्या वळणावर तिची वाट बघत उभी राहिली असती. ते तिला कळले होते की नाही, मला ठाऊक नाही. तिने चांगल्या हाताने पाना उचलला आणि चाकाच्या नटाला लावला. एका हाताने तो हलेना.

"मामा, धरा इकडून."

"अगं पण..."

"धरा ना."

ज्या हातांनी ते रुंद टायर चढवले होते, त्याच हातांनी ते उतरवले. मामा पुटपुटत होते, पण नट फिरवत होते. माझी अरुंद चाके दुकानाच्या माळ्यावरून आली. स्प्रिंगा बदलल्या. कव्हर बाईंनी स्वतः कात्रीने कापले.

मनगट बरे होताच सराव सुरू झाला. पहिल्याच फेरीत मी तिला सांगितले. तिने ऐकले नाही, आणि आम्ही भोवऱ्यासारख्या फिरलो. दुसऱ्या फेरीतही तेच. तिचा पाय अजून ब्रेककडेच धावत होता.

"बोललीस का?" खुर्चीवरून प्रश्न आला.

"नाही."

"मग बादली."

तिचा हात अजून कच्चा होता. म्हणून बादल्या मामांना आणाव्या लागल्या. दुपारपर्यंत हॉर्सपॉवर मामांची ताकद संपली आणि ते टाकीला टेकून बसले. "बाई, तिने बोलायचं आणि मी उचलायची, हा कुठला न्याय?" त्यांनी विचारले. बाई म्हणाल्या, "टायर घालताना विचारायचं होतंत." मी हसू शकत नाही, म्हणून तो आनंद मला इंजिनातच ठेवावा लागला.

मी तिच्यावर चिडून होते, तरी सांगायचे थांबले नाही. झुकून सांगितले, थरथरून सांगितले. हळूहळू तिचे शब्द माझ्या जवळ येऊ लागले. आधी मी घसरल्यावर ती बोलायची. मग घसरता घसरता. आणि एका सकाळी वळणाच्या तोंडाशीच ती म्हणाली, "मागचं हलकं होतंय," आणि ब्रेककडे न धावता तिने ॲक्सिलरेटरवरचा पाय अलगद सैल केला. माझे वजन हळूच बसले. मी घसरलेच नाही. मैदानावर काहीही घडले नाही.

"झालं काय?" मामांनी विचारले. त्यांना काही दिसलेच नव्हते.

"झालं," बाई म्हणाल्या. "आता इथे नको येऊस."

परीक्षेला मी नव्हते. जे कळले ते नंतर, मला परत आणून दुकानाच्या दारात उभी केली होती आणि ती मामांना सांगत होती तेव्हा. जुनी रुग्णवाहिका, मागे स्ट्रेचरवर वाळूची पोती बांधलेली, शेजारी परीक्षक. ओल्या भागातले वळण जवळ आले, आणि त्याआधीच तिने पाय सैल केला.

"वेग का कमी केलात?" परीक्षकांनी विचारले. "काही झालं तर नव्हतं."

"होणार होतं," ती म्हणाली.

त्यांनी तिला पुन्हा त्याच वळणावरून न्यायला लावले. पुन्हा त्याच जागी तिने पाय सैल केला. पोती जागची हलली नाहीत. परीक्षकांनी कागदावर खूण केली. ती पास झाली होती.

पेढे आणायला निघालेले मामा थबकून उभे राहिले. चेहरा पडला होता. "म्हणजे नुसती हळू चालवून पास झालीस? एवढं शिकून? काही दाखवलं नाहीस?"

"मामा," ती म्हणाली, "मागे माणूस झोपलेला असतो."

गाडीचा एकही आकडा न सांगता मामा पेढे आणायला गेले. 

माझा राग त्याने गेला, असे समजू नका. मामा आता लोकांना सांगतात की पोरगी त्यांच्या तालमीत तयार झाली. "दगा दिला" हा शब्द भाचीने कधी मागे घेतला नाही. गाडीची कोण माफी मागतो? पण ती तिच्या कामात आहे, आणि तिच्या गाडीत मागे झोपलेल्या माणसांना वळणे कळत नाहीत, एवढे मला पुरे आहे.

तुम्ही मोठे व्हाल. गाडी चालवायला शिकावेसे वाटेल, आणि कोणी मामा तुम्हाला सगळ्यात ताकदवान, सगळ्यात रुंद पायांची गाडी दाखवेल. शिकायला ती घेऊ नका. हलकी घ्या, लहान घ्या, जी तुमची चूक हळू वेगात आणि मोठ्याने सांगेल अशी घ्या. आणि घेतलीत की तिची काळजी घ्या. काळजी म्हणजे तिला नटवणे नव्हे. टायरमधली हवा बघा, तेल बघा, आणि ती जे बोलते ते बंद पाडणारी कोणतीही भारी वस्तू तिला लावू नका. चकाकीच हवी असेल तर घरातली भांडी घासा. आईला तरी मदत होईल.